सरांचा डाव

वडिलांची शिरवळच्या कारखान्यातली नोकरी गेली आणि आम्ही सांगलीत मामाच्या पत्र्याच्या खोलीत आलो. खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश मिळाला, तरच मला कॉलेज दिसणार होतं. म्हणजे सगळं आमच्या बास्केटबॉलच्या सरांवर होतं. सर शिट्टी तोंडात धरूनच बोलायचे आणि पोरींनाही ‘गड्या’ म्हणायचे. त्यांच्या मते खेळाडू घडवणं म्हणजे उंची वाढावी म्हणून आम्हाला रोज बारला लोंबकळवणं. अंतिम सामन्यात आम्ही मागे पडलो, तेव्हा त्यांनी फळ्यावर डाव काढला.

मी म्हणाले, “सर, ह्यात सहाजणी हायत. आपण पाचच खेळतो.”

“लय शिकलीस व्हय गड्या? सांगतोय तेवढं कर!”

आम्ही माना डोलावल्या आणि आमच्या मनानं खेळून जिंकलो. फोटोत करंडक सरांच्याच हातात आहे. मला प्रवेश मिळाला, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले.