पंखा दिसणारी चौकट

तिचं नाव मला कधी कळलंच नाही. स्क्रीनवर नावाच्या जागी फोनच्या कंपनीचं नाव यायचं आणि चेहऱ्याच्या जागी छताचा पंखा.

शहरातल्या शनवारा वस्तीतल्या आम्ही काही बायका तेव्हा ऑनलाइन सभेच्या खटपटीत होतो. मागणी साधीच होती. मनावर घाव घेऊन आलेल्या माणसावर दवाखान्यात खेकसू नका, विचारल्याशिवाय हात लावू नका. सभेआधी रोज दुपारी सराव चाले. तुकईथड गावाहून ती सगळ्यांच्या आधी यायची आणि गप्प असायची. कधी हिरव्या बांगड्यांचा हात येऊन फोन सरळ करायचा, की पुन्हा पंखाच.

एकदाच तिने विचारलं, "मॅडम, मधातून जायचं असलं तर कोणाला विचारा लागते का?"

"नाही हो ताई. खालचं लाल बटण दाबायचं, बस."

तिने लगेच दाबून पाहिलं. गेली, आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मला हसू आवरेना.

सभेत एका बाईने दवाखान्यातला अनुभव सांगितला, तेव्हा पंखा नाहीसा झाला. थोड्या वेळाने परत आला. आभार झाले, सगळ्या चौकटी मिटल्या, पंखा तेवढा फिरत राहिला.

"ताई, संपली सभा."

"हो. इथून उठून जाता येते ना, म्हणून बसली मी. दवाखान्यात तर त्यांनी बाहेरून कडी लावली होती."

आता आमच्या सभांत सगळ्यांचे चेहरे दिसतात. मी अजून तो पंखा शोधते. आणि कोणी विचारो न विचारो, सुरुवातीला लाल बटण दाखवते.