जीपभर कच्ची मुलं

मी कर्जतच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला त्याच वर्षी तिथल्या लोकांच्या डोक्यात लेव्हल टेस्टचं खूळ शिरलं होतं. नव्याने आलेल्या प्रत्येकाची कॉम्प्युटरवर परीक्षा घ्यायची, गणितात आणि इंग्रजीत कोण कच्चं ते शोधायचं आणि त्या कच्च्यांना कॉलेज सुटल्यावर सक्तीने थांबवून पक्कं करायचं. या जादा तासाला रेमेडियल म्हणायचे. बारावीचा निकाल हातात असताना ही दुसरी परीक्षा कशाला, असं कुणी विचारलं नाही. बाहेरून तपासणीची समिती येणार होती आणि कच्ची मुलं आमच्याकडे येऊन कशी पक्की होतात ते तिला दाखवायचं होतं. त्यासाठी आधी कच्ची मुलं हवीत. ती मिळवायचं काम ज्या सरांकडे होतं त्यांनी ते फारच मनावर घेतलं.

माझं गाव कशेळ्याच्या पलीकडे. गावाच्या वर, डोंगराला लागून ठाकर आदिवासींची वाडी आहे. तिथली एक मुलगी बारावीपर्यंत माझ्या वर्गात होती. गणितात आमच्या दोघींत चुरस असायची आणि बहुतेक वेळा तीच पुढे असायची. तेव्हा मला त्याचा रागच यायचा. वाडीतून कॉलेजला जाणारी ती पहिली मुलगी. तिच्या वडिलांची अट एकच होती, उजेडात घरी यायचं. कशेळ्याच्या नाक्यापासून वाडीपर्यंतची वाट जंगलातली, त्यामुळे अटीत काही गैर नव्हतं. ती अट पाळली तर तिचं कॉलेज, नाही तर घरी बसायचं, हे तिला आणि मला दोघींना पक्कं ठाऊक होतं.

टेस्टच्या दिवशी एसटी आलीच नाही, म्हणून आम्ही जीपकडे गेलो. आता कशेळ्याची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी जीपमध्ये जवळजवळ सगळी आमच्याच कॉलेजची नवी मुलं होती आणि तरी जागा उरली होती.

"दादा, परीक्षा हाय, काढा ना," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"दोन शीट येऊ दे गं, लगेच काढतो," तो म्हणाला आणि टपरीवर चहाला गेला.

दोन शीट आली तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. पुढे कडावला एकाचे दुधाचे कॅन उतरवण्यात आणखी वेळ गेला. आम्ही पळत लॅबमध्ये पोचलो तर परीक्षा अर्ध्याहून जास्त झालेली. घड्याळ सगळ्यांचं एकच, कॉम्प्युटरमधलं. बसा म्हणाले, बसलो. माझं गणित जेमतेम होत आलं होतं तोवर पडदा आपोआप बंद झाला. माझ्या मैत्रिणीने इंग्रजीचा भाग उघडलासुद्धा नव्हता.

चार दिवसांनी बोर्डावर यादी लागली. वर मोठ्या अक्षरात स्लो लर्नर्स. मी वाचायला लागले आणि मला हसू फुटलं. ती आमची जीप होती. पुढच्या सीटवरचे, मधल्या सीटवरचे, मागे गुडघ्याला गुडघे लावून बसलेले, सगळे जसेच्या तसे. फक्त ड्रायव्हर आणि दूधवाला तेवढे सुटले होते. आणि भिवपुरीहून लोकलने येणारा, बारावीला गणितात काठावर पास झालेला एक महाभाग हुशारांच्या यादीत चमकत होता.

आम्ही दोघी सरांकडे गेलो. उशीर झाला, पुन्हा परीक्षा घ्या, असं सांगितलं.

"उशीर का झाला?"

"जीप भरत नव्हती, सर."

"मग आधीची पकडायची."

"आधीचीपण भरल्यावरच सुटते."

सरांनी आमच्याकडे फार दयेने बघितलं. "हे बघा, कॉम्प्युटर कुणाचं गाव बघत नाही. तो फक्त मार्क बघतो. कच्चं असण्यात लाज कसली?"

हा माणूस रोज कारने यायचा आणि आमच्या जीपला ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवायचा. त्याला जीप म्हणजे काय ते कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. उलट आमच्या मार्कांतून त्याने एक शोध लावला, की कशेळे पट्ट्यातल्या मुलांचा गणिताचा पाया कच्चा असतो. त्याचा रंगीत तक्ता करून स्टाफरूमच्या बाहेर लावला. इतर प्राध्यापक तो माना डोलवत वाचायचे. एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही, की एका पट्ट्यातली झाडून सगळी मुलं एकाच दिवशी कशी काय बिघडली.

मग तास सुरू झाले. सकाळी वर्गात आम्ही विकलन शिकायचो आणि संध्याकाळी त्याच बाकांवर अपूर्णांकांची बेरीज. सर आल्या आल्या फळ्यावर बॅनर लावायचे, आम्हाला पुढे सरकून दाटीने बसायला सांगायचे आणि मोबाईलवर फोटो काढायचे. फोटोखाली जागा आणि वेळ आपोआप उमटली पाहिजे, यावर त्यांचा फार कटाक्ष. कधी ती उमटायची नाही, मग फोटो पुन्हा. एवढं झालं की उरलेल्या वेळात शिकवणं. ते बहुतेक सहावीचं असायचं, आणि सहावीला आम्हाला ते जास्त चांगलं शिकवलं होतं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण संध्याकाळची जीप इतर मुलांनी भरून केव्हाच गेलेली असायची. आम्ही सुटायचो तेव्हा पुढची भरायला माणसंच नसायची. कधी कुणाच्या टेंपोत मागे उभं राहून यायचो. कशेळ्याला उतरेपर्यंत अंधार. माझ्या मैत्रिणीचे वडील मजुरी लवकर सोडून बॅटरी घेऊन नाक्यावर उभे असायचे. पुढे ते आणि मागे ती, असं चालायला लागायचे. तास लवकर घ्या, दुपारच्या सुट्टीत घ्या, अशी विनवणी तिने सरांना केली. दुपारी सरांना जेवायचं असतं, असं कळलं.

पालक सभेला सरांनी कच्च्यांच्या पालकांना वेगळं बसवलं. तुमची मुलगी मेहनती आहे, पण तिला जमत नाहीये, असं तिच्या वडिलांना तोंडावर सांगितलं. संध्याकाळी नाक्यावर मी त्यांना म्हटलं, "काका, तसं नाय. जीप भरली नव्हती म्हणून झालं ते. ती माझ्याहून हुशार हाय."

"जीप भरायला थांबते ते आमाला ठावं हाय," ते म्हणाले. "पण येवढी शिकलेली मानसं खोटं कशाला सांगतील गं?"

सोमवारपासून ती कॉलेजला आली नाही. जमत नसताना रात्रीची वाट कशाला तुडवायची, असा त्यांचा साधा हिशोब. तिच्या वडिलांवर मला राग काढता आला नाही. सरांवर मात्र आजही येतो.

पावसाळा आणि थंडी उलटून समिती आली. फोटोत दिसणारी मुलं वर्गातही दिसायला हवीत, म्हणून सरांनी कॉलेजची गाडी वाडीच्या पायथ्याशी पाठवली. तासाची वेळ ज्यांना बदलता येत नव्हती त्यांना गाडी पाठवता आली. ती आली, आणि वडीलही आले, धुतलेला शर्ट घालून. "परत बोलवलंय तिला," ते मला म्हणाले. ती माझ्या शेजारी बसली. वही नवी आणली होती.

समितीतल्या एका बाईंनी तिलाच फळ्याशी बोलावलं आणि विकलनाचं एक गणित घातलं. इतके महिने कॉलेजचं तोंड न बघितलेल्या त्या मुलीने ते सोडवलं, शांतपणे, एकही पायरी न गाळता. बारावीची पुस्तकं तिने घरी टाकून दिली नव्हती, एवढंच. बाई खूश झाल्या. "रेमेडियलचा हा खरा परिणाम," असं सरांना म्हणाल्या. सरांनी मान झुकवून ते स्वीकारलं. मला त्या क्षणी किळस आली, दुसरा शब्द नाही.

समिती जेवायला गेल्यावर ती सरांपाशी गेली. वडील दाराबाहेर उभे होते.

"सर, उद्यापासून येऊ का?"

सर बॅनरची गुंडाळी करत होते. "अगं, तुझं नाव कमी झालंय आता. पुढच्या वर्षी नव्याने प्रवेश घे." मग आठवल्यासारखं करून म्हणाले, "लेव्हल टेस्ट मात्र द्यावी लागेल."

ती हो म्हणाली. बाहेर येऊन तिने वडिलांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. गाडी समितीसाठी थांबवून ठेवली होती, म्हणून ते दोघं चालत जीपच्या नाक्याकडे निघाले.