आवाज टीव्हीकडं

रहाटणीत लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी दुपारी माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती आणि लॅपटॉपमधून आवाजच येईना. इंटरनेटवरच्या साऱ्या कमांडी मारून मी थकलो होतो. तरी त्यांच्या दुकानात लॅपटॉप ठेवून मी त्यातल्या लिनक्स या प्रणालीची थोरवी गाऊ लागलो. माझं भाषण संपेपर्यंत त्यांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा तीनदा पुसला. मग सेटिंग उघडून म्हणाले, “आवाज टीव्हीकडं सोडलाय तुमी. अन् टीव्ही तर घरीच हाय.”

त्यांनी स्पीकर निवडला आणि आवाज आला. मी ओशाळून म्हणालो, “आता मुलाखतीची चिंता नाही.”

“हाय की,” ते म्हणाले. “तिथं समोरच्यालाबी बोलू द्या.”