डावा हेडलाइट, रविवारपर्यंत

गाडी घरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा हेडलाइट लावले आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा उगवला. बल्बचं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह. बंद केले तर गेला, लावले तर परत आला. खाली उतरून पाहिलं. उजवा हेडलाइट लख्ख होता. डावा मात्र आजाऱ्यासारखा, पिवळट.

मी शाळेचे गणवेश शिवते. परभणीत घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मशिनी आहेत, बायका कामाला येतात. मे-जूनमध्ये पाथरी, सोनपेठ, ताडकळसच्या दुकानदारांना माल पोहोचवायचा असतो आणि इतकी वर्षं तो मी एसटीच्या टपावर किंवा जीपमध्ये टाकून नेला. जीपवाला गठ्ठ्याची पूर्ण सीट धरतो आणि मला अर्धीच देतो. म्हणून या वर्षी जुनी का होईना, गाडी घ्यायचीच असं ठरवलं होतं. गाडी चालवायला शिकले, लायसन्स काढलं आणि पाथरीच्या एका रिटायर गुरुजींची छोटी गाडी पसंत केली. त्यांनी ती इतकी जपली होती की मागच्या सीटचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

गुरुजी सरळ माणूस. म्हणाले, "ताई, रविवारपर्यंत चालवून पाहा. पटली तर कागदावर सही करतो. न्हाई पटली तर बिनधास्त परत द्या, माझा भाचा कवाचा मागायलाय."

आमच्या घरात पटणं ही सोपी गोष्ट नाही. आमचे हे तहसीलमध्ये कारकून. दुसऱ्याच्या कागदात खोट शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गाडी आली त्या दिवशी मात्र सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच होता. मला हातही लावू न देता पूजा त्यांनीच केली. हळदीकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा हार. हार जरा सैल वाटला म्हणून पाना घेऊन पुन्हा बांधला. दुसऱ्या दिवशी तो सुकला, तेव्हा ओढून काढला.

पिवळा दिवा पाहिल्यावर ते म्हणाले, "फसवलं गुरुजीनं."

"कशाला फसवतील? परत घ्यायला तयार आहेत की."

"मग हा दिवा काय दिवाळीचा हाय का?"

शुक्रवारी माझ्यासमोरच त्यांनी पाथरीला फोन लावला आणि गाडी नको असं सांगून टाकलं. गुरुजी अजिबात रागावले नाहीत. रविवारी सकाळच्या एसटीनं येतो आणि चालवत घेऊन जातो, म्हणाले. फोन ठेवून हे माझ्याकडं विजयानं पाहू लागले. "पाहिलं? लगेच तयार झाला."

माझ्याकडं अजून शनिवार होता.

सकाळी दुकानं उघडताच गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, डावा बल्ब बदलला. दिवा तसाच. मग तो बराच वेळ वायरींच्या जुडग्याकडं पाहत राहिला.

"मावशी, हे नांदेडला न्यावं लागतंय. कॉम्प्युटरला लावतेत. पूर्ण वायरिंग बदलायची पाळी येऊ शकती."

"मला उद्यापर्यंत पाहिजे."

"मग एक करतो. दिव्यावर काळी पट्टी मारून देतो."

"पट्टी मारल्यावर बिघाड जातो का?"

"बिघाड न्हाई जात. टेन्शन जातंय."

मी गाडी घरी आणली. टेन्शन मला नव्हतंच. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. शिलाई मशीन टाका सोडायला लागली की नवीन बायका एकदम सगळंच बदलतात: सुई, दोरा, बॉबिन, ताण. मग टाका नीट पडला तरी कशानं पडला ते कळत नाही. मी त्यांना एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावते. गाडीचंही तसंच करू, म्हटलं.

आधी डावीकडचा बल्ब उजवीकडं आणि उजवीकडचा डावीकडं केला. उजवा लख्खच राहिला, डावा आजारीच. म्हणजे बल्बचा दोष नाही, जागेचा आहे. मग दोन्हीकडचे फ्यूज आपसांत बदलले. काही फरक नाही. बल्बच्या मागचं सॉकेट काढून पाहिलं. स्वच्छ, कुठं जळकं नाही, गंज नाही. तीन गोष्टी बाद झाल्या. प्रत्येक गोष्ट बाद झाली की मला आणखी जोर चढत होता.

दुपारी ह्यांना झोपेतून उठवून गाडीत बसवलं. मी पुढं उभी राहिले. गाडीचं तोंड मशिनींच्या खोलीच्या सावलीतल्या शटरकडं होतं, त्यावर उजेडाचे दोन गोळे पडले होते.

"डिपर लावा."

"लावला. आता उद्या ते न्यायलेत तर तू कशाला जीव काढायलीस?"

"अपर."

"लावला."

"आता डाव्या बाजूचा इंडिकेटर."

"त्याचा हेडलाइटशी काय संबंध हाय?"

"लावा तर."

त्यांनी लावला आणि मी जागच्या जागी उभीच राहिले. इंडिकेटर एकदा पेटला की शटरवरचा डावा गोळा मंद होत होता. विझला की परत उजळायचा. टकटक, टकटक, दोघं एकाच तालात. उजव्या इंडिकेटरला असं काही होत नव्हतं.

"काय झालं? बंद करू का?" हे आतून विचारत होते.

"बंद केला तर याद राखा."

हा प्रकार मी पाहिलेला होता. आमच्याकडं एकदा एक मशीन चालू केली की शेजारच्या मशीनवरचा दिवा मिणमिणायचा. वायरमननं सांगितलं होतं की दोघींची येणारी वायर वेगळी आहे, पण परतीची एकच, आणि ती सैल झालीय. करंट येतो, पण परत जायला त्याला वाट मिळत नाही, मग तो दुसऱ्याच्या वाटेत घुसतो. गाडीत परतीची वाट म्हणजे अर्थिंग. डावा हेडलाइट आणि डावा इंडिकेटर, दोघांचं अर्थिंग एकच असणार आणि तेच कुठंतरी तुटलेलं असणार.

खात्री करणं सोपं होतं. मशीनच्या जुन्या मोटारीची एक लांब वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला बांधलं आणि दुसरं टोक सॉकेटच्या मागून काळ्या वायरीला टेकवलं.

शटरवर दोन्ही गोळे सारखे झाले. आतून आवाज आला, "गेला. पिवळा दिवा गेला."

टोक काढलं. "आला." टेकवलं. "गेला." मी आणखी दोनदा केलं. आता खात्रीसाठी नाही, नुसतं बरं वाटतं म्हणून. बिघाड माझ्या हातात होता. चिमटीत धरला होता मी त्याला.

आता ती काळी वायर जाते कुठं एवढंच शोधायचं राहिलं. ती हेडलाइटच्या मागं खाली उतरली आणि पत्र्याआड गायब झाली. हात जाईना. मग कॉलर पाहायचा छोटा आरसा आणला, मोबाइलची बॅटरी लावली आणि आरसा आत धरला. पत्र्यावर एक बोल्ट दिसला. बोल्टाखाली वायरीचं गोल टोक होतं, आणि गोल टोक आणि पत्रा यांच्या मध्ये काहीतरी लाल-पिवळं. आजूबाजूला वाळलेल्या नारिंगी पाकळ्या.

मी हळूच पान्यानं बोल्ट सैल केला आणि चिमट्यानं ते ओढून काढलं. नायलॉनचा दोरा, दोन-तीन वेढे दिलेला. शेवटाला झेंडूचं अर्धं फूल.

हे गाडीतून उतरून शेजारी येऊन उभे होते. मी दोरा त्यांच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"दोरा."

"कशाचा?"

"हाराचा दिसतोय."

"हार बोल्टाखाली कसा गेला?"

"जाळीला नीट बसंना. आत बोल्ट दिसला, जरासा सैल केला, दोरा गुंडाळला, परत आवळला. पक्का बसला होता."

"लय पक्का बसला होता. काढताना तुटला आणि आत राहिला. लोखंडाला लोखंड लागू देईना."

"देवाचं काम होतं."

"देवानं पाना मागितला नव्हता."

पॉलिश पेपर मात्र आतून त्यांनीच आणून दिला, न सांगता. मी पत्रा आणि वायरीचं टोक घासून चकचकीत केलं, बोल्ट करकचून आवळला, वरून व्हॅसलिन लावलं. हेडलाइट लावले. डिपर, अपर, इंडिकेटर, मग सगळं एकत्र. डॅशबोर्ड काळाशार. मी गाडीतून उतरले, परत बसले, परत लावले.

"आता गुरुजींना फोन करा," मी म्हटलं.

त्यांनी केला. दोनदा केला. गुरुजींचा फोन बंद होता.

रविवारी सकाळी गुरुजी आले. हातात रिकामी पिशवी, गळ्यात गॉगल. गाडी चालवत न्यायची पुरी तयारी. अंगणात उभं राहूनच म्हणाले, "ताई, चावी द्या. भाचा पाथरीला वाट पाहायलाय."

"आधी चहा घ्या. गाडी द्यायची नाही."

गुरुजींनी ह्यांच्याकडं पाहिलं. "साहेब, फोनवर तर तुमी..."

"थोडं अर्थिंग सैल झालं होतं," हे म्हणाले.

"माझ्याकडं कधी झालं न्हाई."

"तुमच्याकडं हार कोण घालायचं?" मी विचारलं.

"आमी सायबाबाचा अंगारा लावायचो फक्त."

"तेच चांगलं होतं."

मी सगळं सांगितलं. दोरा दाखवला. गुरुजी हसता हसता खुर्चीत बसले. ह्यांनी चहा इतका वेळ ढवळला की तो पार गार झाला. मग गुरुजी गंभीर झाले. भाच्याला शब्द दिलाय, आता त्याला काय सांगू, म्हणाले. मी म्हटलं, शब्द आधी मला दिला होता, रविवारपर्यंत, आणि आज रविवारच आहे. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, मान डोलावली आणि पेन मागितला. बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

कागद परत देताना त्यांच्या लक्षात आलं. "आता मी जायचं कसं? एसटी तर दुपारची."

"पाथरीचे गठ्ठे तयारच आहेत. बसा पुढं."

गणवेशाचे गठ्ठे मागच्या सीटवर घातले, प्लास्टिक फाडून. हे फाटकापाशी उभे होते. "हळू चालव," एवढंच म्हणाले. मी ऊन असताना हेडलाइट लावून निघाले. कारण काही नव्हतं. लागत होते म्हणून लावले.

मानवत येईपर्यंत समोरून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला मला हात करत होता. मूठ उघडायची, मिटायची, उघडायची. दिवसा लाइट चालू राहिला की सगळे असंच सांगतात. एका ट्रॅक्टरवाल्यानं तर ऊस नसलेली ट्रॉली थांबवून हात केला.

गुरुजींनी बराच वेळ सहन केलं. मग हळूच म्हणाले, "ताई, लाइट चालू हाय."

"दोन्ही ना?" मी विचारलं.