आर्डेलाची तबकडी

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत व्हर्लन पेटवेचे गुडघे हल्ली रोज त्याच्याशी भांडत. शिकागोच्या दक्षिण भागातल्या गुत्त्यांमध्ये नाणं टाकून वाजणाऱ्या ज्यूकबॉक्समध्ये तबकड्या भरण्याचं काम त्याने हयातभर केलं. तबकड्या लाखेच्या. दिसायला पातळ, पण पेटीभर उचलल्या की कंबर बोलायची. जुन्या काढायच्या, नव्या घालायच्या आणि काढलेल्यांपैकी ज्यांची कीव येईल त्या घरी आणायच्या. जॅझ, ब्लूज, नाचाची गाणी. घर भरत गेलं. मग लाखेच्या तबकड्या निघणंच बंद झालं, काम सुटलं आणि आता जिनाही झेपेना. म्हणून मुलगी रेनेटा त्याला आपल्या तळमजल्यावरच्या घरी न्यायला आली होती. तिथे तबकड्यांना जागा नव्हती. व्हर्लनला त्याची फारशी खंतही वाटली नाही. वाहून वाहून तो थकला होता.

एक तेवढी सोबत न्यायची होती.

तिच्यावर त्याची बायको आर्डेला गायली होती. एका छोट्या कंपनीने थोड्या प्रती काढल्या आणि कंपनीच बुडाली. रेनेटा पाळण्यात असताना आर्डेला न्यूमोनियाने गेली. तिला पुरून आल्यावर व्हर्लनने तबकडी लावली, तर शेवटी सुईच्या टोकाशी राखाडी भुकटी जमलेली दिसली. पोलादी सुई दर वेळी थोडी लाख खरवडते, हे त्याला ठाऊकच होतं. पण त्या दिवशी ती भुकटी त्याला तिच्या झिजलेल्या आवाजाची वाटली. त्याने तबकडी पाकिटात घातली, ती पुन्हा लावली नाही. रेनेटाने हट्ट धरला की म्हणायचा, "मोठी झालीस की ऐक." ती मोठी झाली, नर्स झाली, तिचे केस पिकायला लागले. आईचा आवाज तिने अजून ऐकला नव्हता.

त्या रविवारी चर्चहून आल्यावर, जेवण झाल्यावर, व्हर्लन आपणहून म्हणाला, "लावू या आज."

"डॅडी! आज सूर्य कुठून उगवला?"

"थट्टा पुरे. मी चावी भरतो. तोवर ती पुसून घे."

ग्रामोफोनला चावी देताना त्याला धाप लागत होती. मागून रेनेटाचा आवाज आला, "काय हो हा मळ! कापूस बघा, काळाकुट्ट झालाय. अजून निघतोच आहे."

स्पिरिटचा वास आला आणि व्हर्लन गर्रकन वळला. दवाखान्यातल्या सवयीने तिने पर्समधली बाटली काढली होती.

"थांब! रेनेटा, थांब! मळ नाही गं तो. तबकडीच आहे ती. स्पिरिटने लाख विरघळते."

रेनेटाचा हात तिथेच थिजला. तबकडीच्या कडेचा रुंद पट्टा निस्तेज, पांढुरका झाला होता.

"मला कसं कळणार?" ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "जन्मात कधी हात लावू दिलात?"

रागवायलाही अंगात बळ लागतं. त्याने तबकडी चढवली आणि कडेला सुई टेकवली.

नुसती चरचर. ती बराच वेळ चालली. रेनेटा तोंडावर हात धरून बसली होती. सुई कडेकडून आत सरकत गेली. मग ट्रम्पेट पाण्याखालून आल्यासारखा उमटला आणि कापूस जिथवर पोचला नव्हता तिथे एकदम बाईचा आवाज लागला. शेवटचं कडवं होतं.

"एवढा जाड आवाज?" रेनेटा कुजबुजली.

"त्या दिवशी सर्दी झाली होती तिला. कंपनीवाला म्हणाला, गायचं तर आजच."

"मला वाटायचं, गोड असेल."

"गोड? शेजारणी टरकायच्या तिला!"

रेनेटा रडता रडता हसली. गाणं संपलं. सुईच्या टोकाशी राखाडी भुकटी होती. त्याची नजर तिथे गेलेली तिने पाहिली.

"ठेवू का परत पाकिटात?" तिने विचारलं.

व्हर्लनने जुनी सुई काढून टाकली आणि डबीतली नवी बसवली.

"कडेपासून नको लावूस. इथून, आतून. आणि हात हलका ठेव."

मग तो आरामखुर्चीत टेकला. चावी उतरली की रेनेटा उठून ती भरत होती आणि सुई पुन्हा त्याच जागी टेकवत होती. कितव्यांदा वाजताना आपला डोळा लागला, हे व्हर्लनला कळलंही नाही.