शेवटच्या गाण्यात आबांचा सत्कार

शेवटचं गाणं रंगात आलं होतं, तेवढ्यात कांतीशेठ माझ्या मिक्सरशी येऊन उभे राहिले. "निवेदकाचा माइक उघड," म्हणाले.

धुळ्यातल्या एका कॉलेजचा हॉल. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी साउंडवाला. मंचावर फैजपूरचा हेमंत, केळीवाल्या घरातला पोरगा, इलेक्ट्रिक गिटारवर स्वतःची रॉकची गाणी वाजवत होता. आमच्याकडे तेव्हा एक तर लग्नाचा बँड, नाहीतर ऑर्केस्ट्रा. याला मात्र पहिलीच कॅसेट लोकांसमोर, लाइव्ह करायची होती. जळगावचे कॅसेटचे व्यापारी कांतीशेठ कसेबसे तयार झाले, तेही एकाच कार्यक्रमाला. ड्रमर दुसऱ्या दिवशी नोकरीला पुण्याला निघणार होता. पुन्हा संधी नव्हती.

दुपारी हेमंतनं एवढंच विचारलं होतं, "भाऊ, मी वाजवताना मधात कोनी बोलनार नाही ना?"

"तू वाजव. माइकनं बठ्ठं मी देखसू," मी म्हणालो. माइकचं सगळं मी बघेन, असा शब्दच दिला.

मिक्सरवर प्रत्येक माइकला एक सरकती पट्टी असते, फेडर. खाली ओढली की तो माइक मुका. सगळे आवाज मिसळून हॉलच्या स्पीकरला जातात. त्याच मिसळलेल्या आवाजाची वायर मी टेपला जोडली होती. टेपसाठी वेगळी वाट काढता आली असती, पण मी कंटाळा केला. एकदा टेपवर मिसळलेलं पुन्हा सुटं करता येत नाही.

आमच्याकडे पाहुणा कितीही उशिरा येवो, सत्कार आल्या आल्या होतो. आबा म्हणजे हा हॉल मिळवून देणारे पुढारी. ते आले नेमके शेवटच्या गाण्याला.

"शेठ, रेकॉर्डिंग चालू आहे. गाणं संपू द्या."

"तोवर आबा निघून जातील. उघड म्हणतो ना."

माझी निम्मी कामं शेठच्या शब्दावर मिळायची, निम्मी आबांच्या सभांची. मी फेडर वर केला.

"आदरणीय आबासाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार..." मग सोबत आलेल्या एकेकाचं नाव, हुद्द्यासकट. हेमंतनं वाजवता वाजवता माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. टेपवर हे जात नाही, असं त्यानं धरलं आणि जीव ओतून वाजवलं. इतकं चांगलं त्या दिवशी त्यानं आधी वाजवलं नव्हतं. ती मान डोलावल्याची लाज मला अजून वाटते.

शेठच्या दुकानात हेमंत टेप ऐकायला बसला. सत्कारासकट शेवटचं गाणं संपल्यावर म्हणाला, "भाऊ, तुम्ही त सांगेल होतं."

मी त्याला वायरचं तांत्रिक कारण समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. पण फेडर काही आपोआप वर जात नाही, हे त्यालाही कळत होतं.

हे गाणं तरी गाळा, असं तो शेठला म्हणाला. शेठनी तेच पहिलं घातलं. आबांच्या माणसांनी कॅसेट हौसेनं नेली. आपलं नाव येईपर्यंत ऐकायचे आणि बंद करायचे.

हेमंतची दुसरी कॅसेट निघाली नाही. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात लागला. तेव्हापासून मी टेपला वेगळी वायर देतो. धंद्यातला धडा म्हणायचा तर एवढाच, आणि तो फुकट गेला, कारण तसं रेकॉर्डिंग पुन्हा आलंच नाही.

कधी चाळीसगावला, कधी शिरपूरला त्याच्या कार्यक्रमाला साउंड माझाच असतो. तो माझ्याशी बोलत नाही. मिक्सरशी येतो, निवेदकाच्या माइकची वायर स्वतःच्या हातानं उपटतो आणि वाजवायला जातो. त्याचं वाजवून होईपर्यंत मी ती परत लावत नाही.