विमानाच्या पोटावरचा डाग

जरा जवळ सरक बघू, आणि आधी तो मोबाइल बाजूला ठेव. परवा बोलता बोलता आमच्या वरच्या मजल्यावरच्या भावोजींना तू ‘टाइमपास म्हातारा’ म्हणालीस, ते मला मुळीच आवडलं नाही. चारकोपात राहायला आल्यापासून मला जेवढे धक्के बसले, त्यातले निम्मे त्या एका माणसानं दिलेत, हे कबूल. पण टाइमपास? छे गं!

भावोजींची सगळी नोकरी विमानतळावरच्या हँगरमध्ये विमानांची देखभाल करण्यात गेली. रिटायर झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, हे प्लॅस्टिकची विमानं जोडत बसले. खोक्यातून शंभर-दीडशे तुकडे निघतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, फटीत लांबी भरायची आणि मग रंग. रंगाच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊ नये. ऐन मे महिन्यात पंखा बंद! ओल्या रंगावर धूळ बसते म्हणे. बायको बिचारी जिन्यात वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेली. एकदा मी बांगडे तळत होते, तर भावोजी दारात हजर, डोक्यावर बायकोची आंघोळीची टोपी. “वहिनी, दोन तास तळण थांबवा. हवेत तेल उडतं.” आणि गॅस बंद केला की गं मी! नात झाली म्हणून मुलाचा फोन आला, तर म्हणाले, “झकास! रंगाचा दुसरा हात देतोय, पाच मिनिटांत करतो.” बायको दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

पण खरा धक्का दिवाळीच्या आधी बसला. दोघं आठ दिवस गावी गेली आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. शोकेसवर त्यांचं नवं विमान होतं. महिन्याभरापूर्वी मी पाहिलं तेव्हा पांढरंशुभ्र होतं. आता बघते तर शेपटीकडे काजळी, पोटाखाली तेलकट काळा ओघळ! समोर इमारतीचं काम चाललंय ना, म्हटलं वाट लागली, आल्यावर हे बघून माणूस आडवा होईल. कोमट पाणी, मऊ चिंधी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. अर्धा तास खपून लख्ख केलं.

आले त्या दिवशी मी मुद्दाम वर गेले, शाबासकी घ्यायला. त्यांनी विमान उचललं, उलटं केलं आणि पोटावरून बोट फिरवलं.

“वहिनी, डाग कुठाय?”

“गेला! एकदम साफ!”

बायको हळूच म्हणाली, “अहो, तीन आठवडे बसून रंगवला होता तो.”

रंगवला? डाग? मला काही सुधरेना.

“खऱ्या विमानाला तिथूनच तेल गळायचं,” ते म्हणाले. “रोज सकाळी मीच पुसायचो. भंगारात गेलं ते. रविवारी जुने सोबती यायचेत. म्हटलं, विमानाचा नंबर न बघता ओळखतात का बघू.” मग हात पुढे केला. बोटं थरथरत होती. “आता परत नाही जमायचं.”

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं गं मला. पण तोंडातून निघून गेलं, “माझा हात रांगोळीला अजून स्थिर आहे. तुम्ही सांगा, मी ओढते.”

तीन दुपारी मी ब्रश घेऊन बसले. जन्मभर डाग घालवण्यात गेलेली बाई, डाग पाडायला शिकत होते! “मागे न्या, मागे. वाऱ्यानं ओढला जातो तो, पाण्यासारखा खाली नाही येत. अजून घाण करा वहिनी, लाजताय काय!”

रविवारी चार म्हातारे आले. एकानं चष्मा लावला, विमान उलटं केलं आणि ओरडला, “अरे, हे तर आपलं गळकं!” मग त्याचा हात आपसूक खिशात गेला, रुमाल बाहेर आला, आणि तो पोटाखालचा ओघळ पुसायला वाकला.

“पुसू नकोस रे!” आम्ही तिघं एकदम ओरडलो.

तेव्हापासून भावोजींनी ब्रश हातात धरलेला नाही. कपाटावर एक नवं खोकं तसंच पडून आहे. विचारलं तर म्हणतात, “हात तुमचा स्थिर आहे वहिनी, पण एवढे बारीक तुकडे तुम्हालाही दिसत नाहीत, मलाही नाहीत.” खरंच आहे ते. तुझे डोळे अजून तरणे आहेत. चल ना गं वर माझ्याबरोबर, या आठवड्यातच ते खोकं उघडू.